लिहून ठेवलं होतं, तरी...

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत असताना या मंचावर मी एकदाच चढले होते, तेही गॅदरिंग संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला. त्यामुळे आज माईकसमोर उभं राहताना जरा चुकल्यासारखं वाटतंय. सांभाळून घ्या.

मला हा विषय का दिला, ते आपल्या ग्रुपवरच्या सगळ्यांना माहीत आहे. गुरुजनांसाठी सांगते. जून महिन्यात आपल्यातल्या एकाने ग्रुपवर लिहिलं, "हल्ली कामं लक्षात राहत नाहीत. एखादं चांगलं ॲप सुचवा." दोन तासांत अकरा ॲपची नावं आली, त्यावरून दोघांचं वाजलं आणि एकाने ब्राह्मीचं तेल सुचवलं. मी भोसरीच्या एका कारखान्यात नियोजन विभागात आहे, म्हणजे दिवसभर याद्याच करते. म्हणून संयोजक म्हणाले, तूच काय ते एकदा सांगून टाक.

सांगते. पण "हे घ्या, हे उत्तम" असं एक नाव मी सांगणार नाही. ते का, हे कळायला आधी एक गोष्ट ऐकावी लागेल. मला ती सांगायला थोडी जड जाते.

तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्या बाबांना पाहिलं आहे. खाकी कपडे, सायकल आणि खांद्याला टपालाची पिशवी. तुमच्या घरी मनीऑर्डर, मामाचं पत्र, नोकरीचं बोलावणं त्यांनीच आणून दिलं असेल. बाबा २००८ साली निवृत्त झाले. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. नाही दिला, तर पेन्शन थांबते. बाबा तो स्वतः जाऊन देत असत, एकही वर्ष न चुकता.

२०२२ साली त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या दाखला द्यायची सोय तेव्हा नवीनच झाली होती. मी फोनवर म्हटलं, "बाबा, तुम्ही कुठे जाऊ नका. मी नोव्हेंबरात येईन तेव्हा करून टाकते. काळजी करू नका, मी ॲपमध्ये टाकलंय."

आणि खरंच टाकलं होतं. शेवटची तारीख ३० नोव्हेंबर, पुढे लाल झेंडा. त्या वेळी माझ्या ॲपमध्ये दोनशेच्या वर कामं होती. रंगीत खुणा होत्या, प्रकल्प, उपप्रकल्प, सगळं होतं. ऑफिसातल्या मुली माझा फोन बघायला यायच्या.

३० नोव्हेंबरला बुधवार होता. सकाळी ॲप उघडलं, तर तेवीस कामं लाल. ती रोजच लाल असायची, कारण प्रत्येक कामाला मी मनानेच एक तारीख देऊन ठेवायचे. "पडदे धुवायला टाकणे – सोमवार." सोमवारी पडदे धुतले नाहीत तर काय आभाळ कोसळणार आहे? पण तारीख दिली की शिस्त आल्यासारखं वाटायचं. त्या ॲपमध्ये एक सोय होती. एक बटण दाबलं की राहिलेली सगळी कामं उद्यावर जायची. मी रोजच्यासारखं ते दाबलं. पडदे उद्यावर गेले, भाचीचं वाढदिवसाचं पत्र उद्यावर गेलं आणि बाबांचा हयातीचा दाखलाही गेला.

मला ते कळलं महाशिवरात्रीला गावी आले तेव्हा. किराणा दुकानात सामान घ्यायला गेले, तर दुकानदार अवघडून म्हणाले, "ताई, थोडं मागचंही आहे." सहा हजार चारशे रुपये उधारी. माझ्या बाबांची! ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे वेळेवर पोचवले, ते दोन महिने उधारीवर सामान आणत होते. घरी येऊन विचारलं, "तुम्ही मला बोलला का नाही?" तर म्हणाले, "तू करते म्हणाली होतीस. परत परत काय विचारायचं? तुझ्यामागे कामं असतात."

दाखला द्यायला त्या दिवशी दहा मिनिटंही लागली नाहीत. थकलेली पेन्शनही पुढे मिळाली. तसं पाहिलं तर नुकसान काहीच नाही.

रात्री बाबांनी विचारलं, "तू लिहून ठेवलं होतंस ना?" म्हटलं, "हो." मग म्हणाले, "पिशवी उपडी कधी करायचीस?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. सकाळी टपाल वाटणीच्या रस्त्याप्रमाणे लावून पिशवीत भरायचं. संध्याकाळी परत आलं की पिशवी उपडी करायची. जे पोचलं ते पोचलं. जे राहिलं त्या प्रत्येकावर कारण लिहायचं: घर बंद, पत्ता अपुरा, गाव सोडून गेले. कारण न लिहिता एकही पाकीट पिशवीत रात्रभर राहता कामा नये. "तुझ्या त्या मोबाईलमध्ये नुसतं भरायचंच असतं का?" असं त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ते ॲप काढून टाकलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हताच. आणि एक शंभर पानी वही घेतली.

एका अभ्यासाबद्दल सांगते, म्हणजे माझं काय चुकलं ते कळेल. २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं, की अपुरं राहिलेलं काम मनाला टोचत राहतं, पण ते कधी, कसं करायचं याची नेमकी योजना केली की टोचणी थांबते. काम झालेलं नसतं, तरीही थांबते. ही आनंदाची बातमी आहे, आणि धोक्याचीही. मी लाल झेंडा लावला तिथेच माझं मन मोकळं झालं. मन विसरायला मोकळं झालं आणि यादी बघायला कोणी नव्हतं. यादी केली की ती बघण्याची वेळही ठरवावी लागते. नाहीतर न लिहिलेलंच बरं, निदान टोचत तरी राहतं.

आता त्या वहीबद्दल. चौदा दिवस मी एकच केलं. जे काम येईल ते लिहायचं, आणि शेजारी ते कुठून आलं ते लिहायचं. एकशे एकतीस कामं झाली. त्यांतली एकोणपन्नास फोनवरून आणि व्हॉट्सॲपवरून आलेली. चव्वेचाळीस ऑफिसच्या ईमेलमधून आणि बैठकांतून. उरलेली अडतीस माझ्याच डोक्यात आलेली, बसमध्ये किंवा भाजी चिरताना. आणि खरी तारीख, म्हणजे चुकली तर कोणाचं तरी नुकसान होईल अशी तारीख, किती कामांना होती? फक्त एकोणीस. मी मात्र तारखा देत होते सगळ्यांना. खोट्या तारखांच्या गर्दीत खरी तारीख दिसेनाशी झाली होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. ॲप शोधण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. आपलं काम कसं येतं आणि कुठे हरवतं, ते आधी बघा. चपला घेताना आपण पायाचं माप देतो, दुकानातल्या सगळ्यात सुंदर चपलेचं नाही.

माप घेतल्यावर स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: काम आल्यापासून त्याची नोंद होईपर्यंत किती वेळ जातो? भाजी चिरताना सुचलेलं काम लिहायला प्रकल्प निवडा, खूण निवडा, प्राधान्य निवडा असं करावं लागत असेल, तर ते लिहिलं जाणार नाही. कोणतंही ॲप ठेवण्याआधी एका ओल्या हाताने त्यात काम टाकून बघा. ज्यांची बहुतेक कामं जीमेलमधून येतात, त्यांना गूगल टास्क्स सोयीचं पडतं, कारण ते ईमेलच्या शेजारीच उघडतं आणि तारखेचं काम कॅलेंडरात दिसतं. तुमची कामं जिथून येतात, त्याच्या जवळात जवळ यादी हवी.

दुसरा प्रश्न: तुमच्या कामाला तारीख असते की पायऱ्या असतात? आपला एक मित्र मंगल कार्यालय चालवतो. त्याचं प्रत्येक लग्न म्हणजे आगाऊ रक्कम, मेनू, मांडव, प्रत्यक्ष कार्य, मग हिशोब. त्याला यादीपेक्षा फळा बरा. आमच्या कारखान्यात हेच चालतं. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेली कानबान पद्धत म्हणतात ती. कानबान म्हणजे जपानीत पाटी. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि काम पुढे गेलं की कार्ड पुढच्या रकान्यात. त्यातली खरी गोम लोक विसरतात. प्रत्येक रकान्यात किती कार्डं ठेवायची याला मर्यादा असते. पुढचं काम हलल्याशिवाय मागून नवं घ्यायचं नाही. २०११ साली निघालेलं ट्रेलो हे अशाच फळ्यासारखं आहे. आमचा मित्र ते फोनवर वापरू शकेल किंवा कार्यालयाच्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवूनही भागवेल.

आपल्या द्राक्षबागायतदार मित्राची गोष्ट आणखी वेगळी. त्याची कामं ना तारखेने चालतात ना पायरीने. ती छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतात. अमुक दिवशी डिपिंग, तमुक दिवशी विरळणी. छाटणी पाच दिवस पुढे गेली की अख्खं वेळापत्रक पाच दिवस पुढे. कालच त्याच्याशी बोलले. तो चार ॲप घेऊन टाकून बसला होता. मी म्हटलं, तुला ॲप नकोच. गूगल शीट्समध्ये वरच्या चौकटीत छाटणीची तारीख लिही आणि बाकीच्या रकान्यांत तिच्यात दिवस मिळव. एक तारीख बदलली की सगळ्या बदलतील. दहावीला बेरीज येत होती ना, तेवढीच लागते. (सर, त्याला येत होती.)

तिसरा प्रश्न: काम परत परत येतं का, आणि कसं येतं? यात दोन जाती आहेत. विम्याचा हप्ता, घरपट्टी, हयातीचा दाखला ही कामं पंचांगासारखी, ठरल्या दिवशीच येतात. पाण्याच्या फिल्टरची सफाई मात्र मागच्या सफाईपासून तीन महिन्यांनी. ती दहा दिवस उशिरा केली, तर पुढचीही दहा दिवस पुढे जायला हवी. हा फरक काही ॲपना कळतो, काहींना नाही. टोडोइस्टमध्ये दोन्ही प्रकार वेगळे सांगता येतात. विमा एजंट असलेल्या आपल्या मैत्रिणीने ॲप निवडताना रंगरूप बघूच नये, एवढं एक तपासावं. आणि ठरल्या दिवशीच्या कामाला शेवटची तारीख लिहून थांबू नका. सुरू करण्याची तारीखही लिहा. बाबांचा दाखला आता माझ्याकडे १ नोव्हेंबरला वर येतो, ३० तारखेला नाही.

चौथा प्रश्न: उद्या हे ॲप बंद झालं तर? वंडरलिस्ट नावाचं फार लोकप्रिय ॲप होतं. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. याद्या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या ॲपमध्ये नेण्याची सोय दिली होती, म्हणून बरं. पण धडा घ्यायचा तो घ्यावा. भाड्याच्या घरात शिरताना आपण मागचं दार कुठे आहे ते बघतो. तसं, आपल्या याद्या बाहेर काढून घेता येतात का, ते पहिल्याच दिवशी बघा. वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी तर नक्कीच.

आता मी काय वापरते? ऐकून हसाल. मायक्रोसॉफ्ट टू डू, फुकटचं. कारण एकच. त्यात "माय डे" नावाचं एक पान आहे, ते रोज रात्री कोरं होतं. आठवतो आपल्या फळ्याचा उजवा कोपरा? "आजचा गृहपाठ". चार ओळी मावतील एवढीच जागा, आणि दुसऱ्या दिवशी पुसून स्वच्छ. बाई त्यात दोनशे कामं लिहीत नव्हत्या. मी रोज सकाळी त्यात पाच कामं घेते, त्याहून जास्त नाही. न झालेलं काम यादीत परत जातं, पण आपोआप उद्यावर जात नाही. उद्या ते घ्यायचं की नाही, हे मला पुन्हा ठरवावं लागतं.

आणि रविवारी सकाळी चहाबरोबर मी पिशवी उपडी करते. डेव्हिड ॲलन यांनी २००१ सालच्या 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकात आठवड्याच्या आढाव्यावर फार भर दिला आहे. ते पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. पण समजलं बाबांनी सांगितल्यावर. यादीतल्या प्रत्येक कामाला विचारायचं: झालं? नाही, तर कारण काय? घर बंद, म्हणजे कोणाच्या तरी उत्तराची वाट आहे. पत्ता अपुरा, म्हणजे नेमकं काय करायचं तेच मी लिहिलेलं नाही. "घराचं बघणे" हा काही पत्ता नव्हे. "प्लंबरला फोन करणे" हा पत्ता. आणि गाव सोडून गेले, म्हणजे हे काम आता करायचंच नाही. ते खोडताना पहिल्यांदा अपराधी वाटतं. मग हलकं वाटतं. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ज्या आठवड्यात हे होत नाही, तो आठवडा कोणतंही ॲप वाचवू शकत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

बाबांच्या फोनवरही मी हौसेने ॲप घालून दिलं होतं. त्यांनी ते कौतुकाने बघितलं आणि एकदाही उघडलं नाही. त्यांचं सगळं कालनिर्णयच्या चौकोनांत असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, गोळ्या संपायचा दिवस. स्वयंपाकघरात जाता-येता दहा वेळा नजर पडते. सूचना वाजावी लागत नाही, बॅटरी संपत नाही. आता १ नोव्हेंबरच्या चौकोनात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं असतं, "दाखला – हिला फोन". माझ्या सगळ्या व्यवस्थेपेक्षा त्या तीन शब्दांवर माझा जास्त भरवसा आहे. तेव्हा घरातल्या मोठ्यांच्या हातात आपलं साधन कोंबू नका. त्यांचं त्यांना जमलेलं असतं.

शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या सगळ्यांचा आहे.

२०१७ साली आपण पंचवीस वर्षांनी याच हॉलमध्ये भेटलो होतो. तेव्हा ठरलं होतं, की शाळेच्या ग्रंथालयाला नवी कपाटं द्यायची. ग्रुपवर तो निरोप अजून आहे, मी काल शोधला. त्याखाली एकेचाळीस अंगठे आहेत. "करूया", "नक्की", "मी आहे". ग्रंथालयाच्या बाई आज इथे समोर बसल्या आहेत. बाई, कपाटं आलेली नाहीत.

आपण कोणी वाईट नाही. पण "करूया" या क्रियापदाला कर्ता नसतो, हे मराठीच्या सरांनी आपल्याला शिकवलं नाही, आयुष्याने शिकवलं. शाळेत सूचनावही फिरायची, आठवतं? शिपाईकाका वर्गावर्गात घेऊन यायचे, बाई वाचून दाखवायच्या आणि खाली सही करायच्या. सही झाल्याशिवाय काका दारातून हलत नसत. अनेकांनी मिळून करायच्या कामासाठी ॲप बघाल, तेव्हा त्यात ती सही आहे का ते बघा. प्रत्येक कामापुढे एक नाव लिहिता येतं का, दोन नव्हे, एकच. व्हॉट्सॲपचा ग्रुप गप्पांना चांगला आहे. पण तिथे काम वर सरकतं आणि दिसेनासं होतं.

म्हणून मी पाच कामं लिहून आणली आहेत. एक, कपाटांची मापं घेणे. दोन, दोन सुतारांकडून दर आणणे. तीन, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेणे. चार, वर्गणी गोळा करून हिशोब ठेवणे. पाच, बाईंकडून हव्या असलेल्या पुस्तकांची यादी घेणे. प्रत्येकापुढे एका नावाची जागा कोरी आहे, शेजारी तारखेची. या तारखा खऱ्या आहेत.

हे मी ॲपमध्ये टाकलेलं नाही. शंभर पानी वहीत लिहून ती वही बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे, दोरीने पेन बांधून. कारण यादी काम जिथे असेल त्याच्या जवळ हवी, आणि पुढचा अर्धा तास तुम्ही सगळे चहापाशीच असणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. शिपाईकाकांची जागा आज मी घेते. सही झाल्याशिवाय टेबलापासून हलणार नाही.